कुकरची शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आधीच्या दिवशी अर्थकारण, नंतरच्या दिवशी हवामानबदल आणि मध्ये स्वयंपाकघर, असा क्रम संयोजकांनी लावला आहे. म्हणजे आज जरा विसावा, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी सावध बसावं. दाब, ज्वाला, वीज आणि जंतू ही चारही मंडळी एकाच वेळी कामाला असतात अशी घरात एकच जागा आहे, आणि तिथली यंत्रं चालवायला आपण कुणालाच रीतसर शिकवत नाही. मोटरसायकलला परवाना लागतो. कुकर मात्र चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर" एवढ्या एका वाक्यावर सोपवला जातो.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कोणता घेऊ?" मिक्सर कोणता, तेल कोणतं, आणि हल्ली एअर फ्रायर कोणता. मी उलट विचारते, तुमच्याकडे रोज काय शिजतं? एअर फ्रायरचंच घ्या. नाव फ्रायर असलं तरी ते काही तळत नाही. ती पंखा बसवलेली छोटी भट्टी आहे. गरम हवा जोरात फिरवून पदार्थ भाजते. बटाट्याचे काप, पनीर, मासळीचे तुकडे त्यात छान होतात. कांदाभजीचं ओलं पीठ मात्र जाळीतून खाली गळतं, कारण त्याला आकार द्यायला गरम तेलच लागतं. ज्या घरी आठवड्यातून चार दिवस आमटी-भात-भाजी-पोळी असते, तिथे हे यंत्र दोन महिन्यांनी माळ्यावर जातं. नवं उपकरण आलं म्हणून स्वयंपाक सुधारत नाही. हाताशी आहे ते उपकरण उष्णतेचं आणि पाण्याचं काय करतं हे उमगलं की सुधारतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच; बाकीची सगळी उदाहरणं.

पहिलं आणि मोठं उदाहरण कुकरचं. बंद भांड्यात वाफ कोंडून शिजवण्याची कल्पना डेनिस पापँ या फ्रेंच माणसाची. त्याने १६७९ साली लंडनमध्ये तसं भांडं करून दाखवलं, त्यात हाडंसुद्धा मऊ केली, आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला. आपल्याकडे १९१०च्या सुमारास कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे. जुन्या मराठी घरांतही तो होता. इथल्या काही ज्येष्ठांना आठवत असेल. त्यात दाब नव्हता, नुसती वाफ होती. कुकरमध्ये डाळ-भात-बटाटे डब्यांत रचून लावायची आपली पद्धत पाहिली की मला त्या इकमिकची आठवण होते.

आता कुकरच्या आत काय होतं ते पाहू. उघड्या पातेल्यातलं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. त्यापुढे गॅस कितीही मोठा केला तरी पाणी जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं. उंचावर गेलं की हा आकडा उतरतो, साधारण ३०० मीटरला एक अंश. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं, लेहला ८८च्या आसपास. म्हणून डोंगरात उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये याच्या उलट होतं. आपल्या घरगुती कुकरचं वजन साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब धरून ठेवतं आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत जातं. हे वरचे वीस अंश म्हणजे कुकरची सगळी कमाई.

मग शिट्टी म्हणजे काय? दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, वजन उचललं गेलं आणि जादा वाफ बाहेर पडली, इतकंच ती सांगते. डाळ किती शिजली याची तिला काहीही खबर नसते. गॅस मोठा असेल तर एका मिनिटात दुसरी शिट्टी येईल, बारीक असेल तर पाच मिनिटं येणार नाही. गास्केट सैल असेल तर मुळीच येणार नाही. म्हणून शेजारणीच्या पाच शिट्ट्या आणि तुमच्या पाच शिट्ट्या यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर तुम्ही पैसे मोजून तापवलेली वाफ खिडकीबाहेर सोडता. कुकर बनवणारेच पुस्तिकेत लिहितात, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते: पहिली शिट्टी येईपर्यंत गॅस मोठा, मग बारीक, आणि तिथून मिनिटं मोजायची. भिजवलेल्या तूरडाळीला सात-आठ मिनिटं पुरतात, छोल्यांना वीस-पंचवीस. मग गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा. त्या वेळातही आत शिजणं चालूच असतं. वजन चमच्याने उचलून फस्सकन वाफ सोडणाऱ्यांचा भात फुटतो आणि डाळ उसळून झाकणाला लागते.

डाळ उसळते, कारण शिजताना तिचा फेस होतो आणि तो फेस वाफेच्या भोकात जाऊन बसतो. म्हणून थेट कुकरमध्ये डाळ लावायची तर कुकर निम्म्याच्या वर भरू नये, आणि हळद-हिंगाबरोबर तेलाचा थेंब टाकावा. तेलाने फेस मोडतो. आपल्या आज्या तळच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकायच्या. तेही बरोबर होतं. जड पाण्यातल्या क्षारांनी ॲल्युमिनियम काळं पडतं, आंबटाने ते टळतं.

पण तेच आंबट डाळीत पडलं तर घात. "आमची डाळ शिजतच नाही" ही तक्रार बोअरच्या पाण्याच्या गावांत घरोघरी ऐकू येते, आणि दोष डाळीवर, दुकानदारावर, नाहीतर सुनेवर जातो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. ते विरघळलं की डाळ गळते. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं आम्लही पेक्टिनला विरघळू देत नाही. म्हणून आधी डाळ पूर्ण शिजवायची, घोटायची, आणि मग चिंच-गूळ. टोमॅटोच्या रश्शात कच्चे बटाटे टाकून ते तासभर कडकच राहिले, तर त्याचं कारणही हेच. मिठाला मात्र उगाच बदनाम केलं आहे. मीठ घातल्याने डाळ-कडधान्य शिजत नाही हा समज चुकीचा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले राजमे-छोले उलट मऊ होतात, कारण सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं. सोड्याची चिमूट टाकली तर डाळ झटकन गळते हे खरं, पण त्यात ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजच्या वरणाला सोडा घालू नका. घरात आरओचं पाणी असेल तर पिण्याआधी डाळीला द्या. आणि डाळ वर्षभराची भरताना लक्षात ठेवा, उकाड्यात आणि दमट हवेत राहिलेली जुनी डाळ मुळातच हट्टी होते.

राजम्याचं नाव निघालंच आहे तर एक इशारा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं, त्याने उलट्या होतात. दहा मिनिटं खळखळून उकळल्यावर ते जातं. मंद आचेवर रात्रभर शिजवणारी विजेची भांडी आता बाजारात आली आहेत. त्यांत राजमा न उकळता टाकू नका.

आता भाकरी. इथे यंत्राचं काम नाही, पाण्याचं आहे. गव्हात ग्लुटेन असतं, त्याने कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही, तिची पकड सगळी स्टार्चची. गरम पाण्याने थोडा स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि पीठ एकत्र धरतं. म्हणून परातीत पिठाच्या मध्ये आळं करून कढत पाणी ओतायचं, आधी उलथन्याने कालवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की तळव्याच्या टाचेने मळायचं, आणि एका भाकरीपुरतंच मळायचं. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, थापताना कडा फुटतात. असं पीठ फेकू नका. पाणी उकळून त्यात पीठ टाका, झाकण ठेवा, उकड काढा आणि मग मळा. भाकरी नक्की होते. आणि मिलेट म्हणून आकर्षक पिशवीतून चौपट भावाने ज्वारीचं पीठ घेण्यापूर्वी त्यावरची दळल्याची तारीख वाचा. गिरणीतून आठवड्याचं दळून आणणं हाच शहाणपणाचा सौदा आहे.

मिक्सरकडे वळू. भारतीय वाटणाला टिकेल असा मिक्सर इथेच बनवावा लागला, आणि त्यात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांचा वाटा मोठा. १९६०च्या दशकात त्यांचा 'सुमीत' आला. परदेशी यंत्रं फळांचा रस काढायला केलेली. सुकं खोबरं आणि भिजलेली उडीद डाळ त्यांच्या मोटरला झेपत नव्हती. पण एक फरक कोणताही मिक्सर मिटवू शकत नाही: पाटा चिरडतो, पातं कापतं. शेंगदाण्याचं कूट करताना बटण सलग फिरवत ठेवलं तर दाणे तापतात, तेल सुटतं आणि भांड्याच्या बुडाशी लगदा बसतो. दोन सेकंद चालू, मग बंद, भांडं एकदा हलवायचं, पुन्हा दोन सेकंद. कूट रवाळ होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतल्यावर गार होऊ द्या. गरम वाटणाच्या वाफेने झाकण उडतं आणि भिंतीवर रस्सा होतो. मोटर एकाएकी थांबली तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी मिक्सर उलटा करून बघा. बहुतेक मिक्सरना बुडाशी एक छोटं, बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते सुटतं. प्लग काढून मोटर गार होऊ द्या आणि ते दाबा.

भांड्यांचं थोडक्यात. पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच, आणि कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशांवर वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही. नॉनस्टिकचा थर २६०च्या पुढे बिघडायला लागतो, म्हणून तोही रिकामा तापत ठेवायचा नाही. ॲल्युमिनियममध्ये ताक, कढी, आमटी साठवायची नाही. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर थोडं लोह पदार्थात उतरतं. ते अंगी लागतं, फक्त भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

तेलाच्या जाहिरातींत 'कोलेस्टेरॉल-फ्री' असं ठळक लिहिलेलं असतं. कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे हे दूध 'हाडं-विरहित' म्हणून विकण्यासारखं आहे. खरा प्रश्न तेल कशासाठी वापरणार हा. करडईच्या नेहमीच्या तेलातली स्निग्धाम्लं उष्णतेत आणि हवेत लवकर बिघडतात. ते फोडणीला, चटणीवर घ्यायला चांगलं. तळणीला शेंगदाण्याचं बरं. तळून उरलेलं तेल गाळून लवकर भाजीत संपवा. पुन्हा पुन्हा तळणीला नको. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण घरी ते मोजायचं साधन नाही. तेव्हा डोळे आणि नाक वापरा: तेल काळपट, दाट झालं, फेसाळलं, लवकर धुरावलं, की ते संपलं.

शेवटची गोष्ट फ्रिजची, कारण दिवस वैशाखाचे आहेत. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही आपली आवडती काटकसर. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवण्यातून वाचतात, उबेत वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीच्या उष्णतेनेही जात नाही. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करा आणि फार तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. मग सकाळी खुशाल फोडणी द्या, वर लिंबू पिळा.

आता सभागृहातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. मघापासून मी गास्केट, व्हॉल्व्ह, मोटर, दाब, तापमान असे जे शब्द वापरले, ते तुमच्या गाडीच्या गप्पांत रोज येतात. तेव्हा "स्वयंपाकघरातलं मला काही कळत नाही" ही सबब आता चालायची नाही. या रविवारी कुकरचं झाकण हातात घ्या. भोक उजेडाकडे धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर ते सुईने साफ करा. गास्केट कडक झालं असेल तर त्याच कंपनीचं नवं आणा. आणि हे काम कुणी सांगायची वाट न पाहता दर महिन्याला करा.