रिकाम्या गप्पांची मालकी



रेल्वेच्या रुळांखाली खडी का पसरतात? उंटाच्या वशिंडात पाणी असते की चरबी? डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला गुकेशने बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवले ते त्याच्या चिकाटीमुळे, की अखेरच्या डावात डिंग लिरेनने केलेल्या घोडचुकीमुळे? नवा मोबाइल घ्यावा, की जुन्यालाच नवी बॅटरी बसवावी? आणि मधूनच, अमुक आमदाराने पक्ष बदलला तो कशासाठी? कामावरून परतलेला माणूस जेवण आटोपून मोबाइल हाती घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत अशा गप्पांत रमतो. चळवळीतील गंभीर कार्यकर्त्याला हा सारा कालापव्यय वाटतो. अभ्यासमंडळाला चार माणसे जमत नाहीत आणि उंटाच्या वशिंडावर मात्र चाळीस जण हिरिरीने वाद घालतात, याचा त्याला विषाद वाटणे स्वाभाविक आहे. (वशिंडात चरबी असते, वाद तेथेच मिटायला हरकत नसावी.)

तथापि या विषादात इतिहासाचे विस्मरण आहे. रिकामा वेळ श्रमिकाला कोणी दान म्हणून दिलेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, तेव्हा रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या त्यांत अग्रभागी होत्या. रविवार मिळाला तो 10 जून 1890 रोजी, सहा वर्षांच्या खटपटीनंतर. त्या रविवारी कामगाराने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार मालकाला नव्हता आणि पुढाऱ्यालाही नव्हता. चाळीच्या गॅलरीत, पानाच्या गादीपाशी, एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे आणि दहा जणांनी त्यावर टिप्पणी करावी, हा त्या सुटीचाच उपभोग होता. कुस्तीवरून गोष्ट महागाईवर येई आणि महागाईवरून संपावर. कोणती गप्पा रिकामी आणि कोणती राजकीय, हे आधी ठरवता येत नाही.

राज्यकर्त्यांना मात्र हे फार पूर्वी कळलेले आहे. 29 डिसेंबर 1675 रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने देशातील कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. तेथे निरुद्योगी मंडळी जमतात आणि राजाविषयी वाटेल ते बोलतात, ही तक्रार होती. एवढा गहजब झाला, की दोन आठवड्यांच्या आत फर्मान मागे घ्यावे लागले. आपल्याकडे नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या आवडल्याची केवळ खूण केली होती. ज्या 66अ कलमाचा आधार अशा अटकांना घेतला जाई, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले.

परंतु सत्तेचा धाक हा या प्रश्नाचा जुना भाग झाला. नवा भाग मालकीचा आहे आणि कार्यकर्त्यांचे दुर्लक्ष होते ते त्याच्याकडे. फेब्रुवारी 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेण्याचा करार केला. जाहीर झालेली किंमत होती 19 अब्ज डॉलर. त्या कंपनीत नोकर अवघे पंचावन्न होते, कारखाना नव्हता, मालाचे गोदाम नव्हते. होती ती बोलणारी माणसे, सुमारे 45 कोटी. साधा भागाकार केला तर माणशी बेचाळीस डॉलर पडतात. रुपयाच्या तेव्हाच्या दराने अडीच हजारांहून अधिक. ज्यांची अशी विक्री झाली, त्यांना त्यातला पैसाही मिळाला नाही आणि संमतीही कोणी विचारली नाही. गावच्या पारावर बसणाऱ्यांना पाराची किंमत कधी मोजावी लागली नव्हती. येथे तर पारासह बसणारेच विकले गेले.

यावर कोणी म्हणेल, सेवा फुकट मिळते, मग तक्रार कसली? 2024 साली मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक, या कंपनीचे उत्पन्न साडेचौसष्ट अधिक शंभर, म्हणजे सुमारे 164 अब्ज 50 कोटी डॉलर होते. त्यातील शंभरात सत्त्याण्णवांहून अधिक हिस्सा जाहिरातींचा. 1977 साली कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइद यांनी दाखवून दिले होते, की दूरचित्रवाणी जाहिरातदाराला विकते ती वस्तू कार्यक्रम नसून प्रेक्षक ही होय. त्या काळचा प्रेक्षक निदान नुसता पाहत होता. आजचा माणूस विनोद रचतो, छायाचित्रे पुरवतो, भांडणे लावतो आणि इतरांना खिळवून ठेवणारा माल स्वतः तयार करतो. लोखंड्यांच्या कामगाराने मिळवलेल्या रविवारी हे काम बिनमजुरीचे चालते. न्यायाने एवढे सांगितले पाहिजे, की व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांचा मजकूर 2016 पासून कुलूपबंद आहे, तो कंपनीलाही वाचता येत नाही. कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो, ही नोंद मात्र कुलपाबाहेरच राहते.

या व्यवस्थेत अफवेलाही भाडे पडत नाही. 1 जुलै 2018 हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी वार्ता मोबाइलवरून पसरलेली होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून ठार मारले. संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण एक खबरदारीची सूचना देत आहो, असेच वाटत असणार. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. याचा अर्थ, मर्यादा घालणे पहिल्या दिवसापासून शक्य होते.

आणि मालक कंटाळला तर? 2004 साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर महाराष्ट्रातील एका पिढीने तारुण्यातील गप्पा मारल्या. 30 सप्टेंबर 2014 रोजी गूगलने ते बंद केले. गावकऱ्यांना न विचारता देवळाचा पार कोणी उखडला असता, तर मोर्चा निघाला असता.

नियंत्रणाचे प्रयत्न झालेले आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड ठोठावला. रक्कम डोळे दिपवणारी दिसते. पण कंपनीच्या त्या वर्षाच्या उत्पन्नाशी ताडून पाहता ती दीड तासाचीही कमाई भरत नाही. युरोपीय संघाचा 2022 चा कायदा अधिक मुळाशी जातो. मोठ्या कंपनीच्या संदेशसेवेने दुसऱ्या सेवेतील माणसाशी बोलण्याची वाट खुली ठेवली पाहिजे, अशी सक्ती त्यात आहे. एका टपाल खात्याचे पत्र दुसऱ्या देशाच्या टपाल खात्याने पोहोचवावे, हे तत्त्व जगाने 1874 सालीच बर्न येथे मान्य केले होते. भारतात अशा सक्तीची मागणी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्याच्या अग्रभागी नाही. आणि ज्या शाखा ही मागणी करू शकतील, त्यांच्या बैठकांची निमंत्रणेही आज त्याच कंपनीच्या पारावरून निघतात.