आवाजाचा झोत

आजोबांना बातम्या ऐकायच्यात आणि त्याच खोलीत नातीला अभ्यास करायचाय. मग आवाज फक्त आजोबांकडेच पाठवता येईल का?

येतो. ध्वनीची तरंगलांबी मोठी असली की तो चहूकडे पसरतो. एक हजार हर्ट्‌झचा सूर हवेत सुमारे 34 सेंटिमीटर लांबीचा असतो. 40 हजार हर्ट्‌झची श्राव्यातीत लहर मात्र जेमतेम साडेआठ मिलिमीटरची. ती बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते, पण आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून बातम्यांचा आवाज तिच्यावर चढवतात. लहर तीव्र असली की वाटेतली हवाच त्यातून ऐकू येणारा आवाज निर्माण करते. जपानच्या योनेयामा आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये असा स्पीकर मांडला. आज काही संग्रहालयांत एकेका चित्रासमोर तो वापरतात.

घरात मात्र मर्यादा आहेत. खर्जाचे सूर क्षीण येतात, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा हरवतो. गुळगुळीत भिंतीवरून झोत परततो आणि नातीलाही बातम्या ऐकू येतात. तेव्हा बातम्या, भाषणं यांसाठी हा स्पीकर ठीक. मैफिलीसाठी साधा स्पीकर किंवा हेडफोनच बरा.