'पण' या शब्दाविषयी



'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण आपण किती प्रेमाने वापरतो! बक्षीस समारंभात वापरतो, सत्कारात वापरतो. मला आज तिच्यातल्या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे: 'पण'. मूर्ती लहान म्हणजे कीर्तीही लहानच असायची, इथे मात्र नवल घडलं, असं हा 'पण' सुचवतो. कमी उंचीच्या नटाचं कौतुक करायला बसलो की तो हटकून लेखणीतून उतरतो. माझ्याही उतरला आहे, आणि त्याची मला खंत आहे.

'द स्टेशन एजंट' हा २००३ सालचा सिनेमा घ्या. पीटर डिंकलेज त्यात फिनबार झाला आहे. आगगाड्यांचं वेड असलेला, एकटं राहू पाहणारा माणूस. न्यू जर्सीतल्या आडगावचं एक जुनं रेल्वे स्टेशन त्याला वारशाने मिळतं. दुकानात गेला तर तिथली बाई न विचारता त्याचा फोटो काढते. डिंकलेज इथे जवळजवळ काहीच करत नाही. हे रोजचंच आहे, एवढं त्याच्या चेहऱ्यावरच्या थकव्यातून आपल्याला कळतं. पुढे एका रात्री दारूच्या गुत्त्यात तो वर चढून उभा राहतो आणि सगळ्यांना सांगतो, घ्या पाहून एकदाचं. तोवर इतका संयम राखला, म्हणून तो क्षण अंगावर येतो. याला अभिनय म्हणतात. उंची त्यात आहेच, ती लपवायचं कारण नाही. आवाज, डोळे, चाल यांच्यासारखीच तीही नटाची सामग्री आहे. त्याआधी १९९५च्या 'लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन'मध्ये त्याने स्वप्नदृश्यासाठी बोलावलेल्या नटाचं काम केलं होतं. तो नट भडकून विचारतो, ठेंगू माणसं कुणाच्या स्वप्नात येतात? तोच सांगतो, माझ्याही येत नाहीत!

आता आपली भाषा पाहू. बुटका, गिड्डा, टिंगू, बुटबैंगण. हे शब्द वर्गात, गल्लीत ऐकू येतात आणि ते दुखवतात हे निदान आपल्याला माहीत असतं. मला जास्त बोचतो तो 'खुजा'. कोत्या मनाच्या पुढाऱ्याला आपण 'खुजं नेतृत्व' म्हणतो, आणि मोठ्या कलावंताला 'उत्तुंग'. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, मान्य. पण घरातलं वर्तमानपत्र चौदा वर्षांचं असं मूलही वाचत असतं, ज्याची वाढ थांबलेली आहे. कोतेपणासाठी आपल्याकडे 'कोता' हा चांगला शब्द आहे की!

नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची ६२.८ सेंटीमीटर. २०११मध्ये, अठराव्या वाढदिवशी, गिनीजने त्यांची नोंद केली. हा आकडा आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. २०१४मध्ये 'अमेरिकन हॉरर स्टोरी' या मालिकेत त्यांनी 'मा पेटीट'ची भूमिका केली, हे या सभागृहात किती जणांना माहीत आहे?

मग म्हणायचं काय, असं मला नेहमी विचारतात. 'मिजेट' हा इंग्रजी शब्द सर्कशी आणि प्रदर्शनांच्या तंबूंतून रुळला. माणसं पैसे देऊन पाहायची वस्तू होती, त्या काळातला. अभिनेते बिली बार्टी यांनी १९५७ साली उभी केलेली 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही संस्था तो टाळायला सांगते. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही कमी उंचीच्या स्थितीची नोंद आहे. जिथे तिचा उल्लेख लागतोच, तिथे 'कमी उंचीचा' किंवा 'कमी उंचीची' म्हणावं. मात्र दहापैकी नऊ वाक्यांत तो लागतच नाही.

१९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये शंभराहून अधिक कमी उंचीच्या कलावंतांनी मंचकिन गावकरी उभे केले. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी एकच ओळ आहे: 'द सिंगर मिजेट्स'. सिंगर हे त्या मंडळीच्या चालकाचं आडनाव. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, संवाद म्हणणाऱ्या त्या माणसांपैकी कुणाचंही नाव तिथे नाही.