कोळसा भरपूर आहे, मग काळजी कशाची?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी राज्य सरकारचा नोकर, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. बॉयलर आणि भट्टी जेवढी कळते तेवढंच सांगतो. गणपतीच्या मांडवात हा काळा विषय कशाला, असं आपल्यातल्या एकांनी विचारलंही. पण पांडेसरा, सचिन, उधना इथल्या मिलांवर खानदेशातून आलेली किती घरं उभी राहिली, हे इथल्या ज्येष्ठांना मी काय सांगू! त्या मिलांची वाफ बहुतेक कोळशावर निघते.

१९७३ पर्यंत खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदाच वर्षात १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. जमिनीत साठा अजून भरपूर आहे. विजेतला साधारण सत्तर टक्के वाटा आजही कोळशाचाच. तेव्हा ‘कोळसा संपत आला’ हे काही खरं नाही.

अडचण दुसरीकडे आहे. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. म्हणजे रेल्वेच्या दर तीन वाघिणींपैकी जवळजवळ एक वाघीण आपण माती वाहून आणतो. त्यात आता दुपारी सौर वीज स्वस्त मिळते, म्हणून कोळशाचे संच दुपारी मंद करायचे आणि संध्याकाळी पुन्हा चढवायचे. गॅसची शेगडी कमी-जास्त करता येते, चूल तशी करता येत नाही. मोठा संच म्हणजे चूलच. असं रोज केलं की नळ्या लवकर थकतात, खर्च वाढतो. आणि जाता जाता सांगतो, रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मा माल कोळसा असतो. त्या कमाईवर प्रवासी तिकीट स्वस्त राहतं. आपण भुसावळ गाडीने गावी जातो, त्या तिकिटातही कोळशाचा हातभार आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलंच बघा. मांगरोळ तालुक्यात नानी नरोलीला जीआयपीसीएलचं ५०० मेगावॅटचं केंद्र आहे, १२५ चे चार संच. ते लिग्नाइटवर चालतं, वस्तानच्या खाणीतल्या. (याच खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीच्या वटवाघळांचे आणि राळेत अडकलेल्या कीटकांचे अवशेष सापडले. मुलांना हे जरूर सांगा.) लिग्नाइट ओलं असतं, लांब नेणं परवडत नाही, म्हणून केंद्र खाणीच्या तोंडाशी. खाण आटोपली की केंद्राचंही कठीण. तीच कंपनी आज कच्छमध्ये खावड्याला २३७५ मेगावॅटचा अक्षय ऊर्जा पार्क उभारते आहे. कंपनीचं चुकत नाही. पण मांगरोळचा डंपर चालवणारा माणूस बायकापोरांना घेऊन खावड्याला जाणार आहे का? आणि सौर पॅनेलना त्याच्यासारखी किती माणसं लागतात? मला तरी उत्तर नीटसं दिसत नाही.

मिलांचं गणित याहून अवघड. पॉलिएस्टर रंगवायला १३० अंश लागतात, स्टेंटरवर कापड सेट करायला १८० ते २००. ही उष्णता छपरावरच्या पॅनेलने निघत नाही. गॅस महाग, म्हणून मालक कोळसा सोडत नाहीत. त्यातही इंडोनेशियाच्या कोळशावर भिस्त. जानेवारी २०२२ मध्ये त्या देशाने निर्यातच बंद केली तेव्हा इथे काय धावपळ उडाली ती आठवा. मोरबीत २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने कोळशाचे गॅसिफायर बंद झाले आणि सिरॅमिकवाल्यांना गॅसवर जावं लागलं. असं पांडेसऱ्यात होणारच नाही, असं कोणी छातीठोक सांगू नये. त्यामानाने सुरतने शहाणपण दाखवलं. २०१९ पासून इथे धुरातल्या कणांचा बाजार सुरू आहे. तीनशेवर कारखान्यांना मिळून मर्यादा ठरवून दिली, कमी धूर सोडणारा आपली परवानगी दुसऱ्याला विकतो. अभ्यासात धूलिकण २० ते ३० टक्के कमी झाल्याचं दिसलं. पण यात धूळ कमी होते, कोळसा नाही.

पालक मला विचारतात, मुलाने बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी का? जरूर द्यावी. बॉयलर गॅसवर गेला तरी बॉयलरच राहतो, आणि अटेंडंट कायद्याने लागतो. आधी काम जाईल ते कोळसा भरणाऱ्याचं, राख काढणाऱ्याचं. हे बहुतेक ठेकेदाराचे लोक. हजेरी आहे, पण पी.एफ. भरला जातो की नाही हे त्यांनाच माहीत नसतं. कोणाच्या घरात असं माणूस असेल तर त्याला यू.ए.एन. नंबर विचारा. उत्सव संपल्यावर दर रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. आधार कार्ड आणि पगाराची असेल ती चिठ्ठी घेऊन या, खात्यात किती जमा आहे ते आपण मोबाइलवर बघून घेऊ.