खो-खोचा विश्वचषक आणि आमचे गुडघे
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळात केलेले भाषण)



१३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात आपल्या दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला नमवून विजेतेपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आम्हां दिल्लीकर मराठी माणसांना आनंदाचे भरते आले, हे वेगळे सांगावयास नको.

पण टाळ्या वाजवून घरी परतल्यावर आमच्यात काय बदलले? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकने एका पिढीला स्फूर्ती देण्याचा संकल्प सोडला होता. तथापि त्यानंतर सामान्यजनांच्या खेळण्यात टिकाऊ वाढ तेथील पाहण्यांत दिसली नाही. नुसत्या पाहण्याने शरीर हलत नाही.

आमच्या मते आम्ही निकाल पाहतो, शरीर पाहत नाही. मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसलेले ते गडी आठवावेत. पाठीवर थाप पडून ‘खो’ कानी येताच क्षणात उठून धाव! सूर मारून गडी टिपणे पन्नाशी उलटलेल्या आम्हांस या जन्मी साधणार नाही. त्याचा हव्यासही नसावा. पण ते बसणे-उठणे तर आमच्या घरातलेच होते. पाटावर जेवणारी आणि चुलीपुढे बसणारी पिढी ते दिवसातून वीसदा करी. पुढे सरकारी क्वार्टरमध्ये जेवणाचे टेबल आले, कचेरीत फिरती खुर्ची आली, आणि मांड्यांचे स्नायू आमच्या आधीच सेवानिवृत्त झाले. वयाबरोबर ते क्षीण होतातच. मग न्हाणीघरात पाय घसरला की तोल सावरत नाही. मुले दूरदेशी आणि आप्त गावाकडे, अशा आमच्या घरांत ते एक पडणे किती महाग पडते, हे येथे अनेकांस ठाऊक आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उकिडवे बसण्याचे धाडस करू नये. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, सावकाश दहा वेळा उठावे. तेवढ्यानेही आरंभ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटे म्हणजे एका टी-ट्वेंटी सामन्याहूनही कमी वेळ! तो सामना मात्र आम्ही भज्यांसह अखेरच्या चेंडूपर्यंत पाहतो. असो.

मंडळाच्या आवारात पूर्वी खो-खोचे दोन खांब होते; आज तेथे मोटारी उभ्या असतात. दर रविवारी सकाळी ७ ते ८ ती जागा मोकळी ठेवावी व खांब पुन्हा रोवावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. लहानांनी खेळावे, मोठ्यांनी निदान पाटीवरून चालावे. आखणीचा चुना आमच्याकडून.