मोठे अक्षर, लहान अक्षर
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर व्याकरणावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते आम्ही ऐकले. पण विद्येचा देवच समोर बसला आहे, तक्रार कोणाकडे करणार?

आपण पांडेसऱ्यातली बहुतेक माणसे खानदेशातली. घरात अहिराणी, शाळेत मराठी नाहीतर गुजराती, मिलच्या गेटवर हिंदी. मराठीला डोक्यावर रेघ, गुजरातीला ती नाही; पण मोठे-लहान अक्षर दोन्हींत नाही. मान द्यायचा तर आपण 'राव', 'भाऊ', 'ताई' लावतो, अक्षर मोठे करत नाही. म्हणून इंग्रजीत सोमवार लिहिताना आपल्या मुलांचा 'एम' लहान राहतो आणि गुण जातात.

आपल्यातली एक मुलगी स्पॅनिश शिकते. तिने सांगितले, तिकडे वाराला आणि महिन्याला हा मान नाही. लुनेस म्हणजे सोमवार, एनेरो म्हणजे जानेवारी, दोन्ही लहान अक्षराने. त्यांच्या स्वतःच्या भाषेचे नावसुद्धा लहान! माणसाचे, गावाचे, देशाचे नाव मात्र मोठ्या अक्षराने. इंग्रजीतला 'मी' कायम मोठा, स्पॅनिशमधला 'यो' वाक्याच्या सुरुवातीला नसेल तर लहानच. (हे आम्हाला फार आवडले.) आणखी एक नियम: अक्षर मोठे झाले तरी त्यावरची आघाताची खूण गाळायची नाही.

इथे आम्ही थांबलो. कारण आपल्या नावांचे नेमके उलटे होते. फॉर्मवर सगळे मोठ्या अक्षरांत लिहा म्हणतात. के, ए, एल, ई. आता हे काळे, काले की कळे? 'ळ' तर इंग्रजीत शिरतानाच हरवतो. आपल्याच एका घरात वडिलांच्या रेशनकार्डावर आडनावात एक 'ए', मुलीच्या दाखल्यावर दोन. बाप तोच, मुलगी तीच, पण शिष्यवृत्तीचा अर्ज अडला. प्रतिज्ञापत्र करायला वडिलांच्या तीन पाळ्या बुडाल्या. लूमवर पाळी बुडाली म्हणजे काय, ते इथे कोणाला सांगायला नको.

अक्षर मोठे की लहान, त्यावर सहसा काही अडत नाही, स्पेलिंगवर अडते. म्हणून विसर्जनानंतरच्या रविवारी मंडपाच्या जागी आम्ही एक टेबल मांडणार आहोत. आधार, जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड घेऊन या. नाव आधी मराठीत लिहू, मग चारही कागदांवरचे स्पेलिंग शेजारी शेजारी मांडून पाहू. येताना चष्मा विसरू नका.