नेमबाजीचे पहिले पिस्तूल

नेमबाजी शिकणाऱ्याचे पहिले पिस्तूल म्हणजे १० मीटरवर वापरायचे एअर पिस्तूल. त्याच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच. त्यातून शिशाचा चपट्या तोंडाचा छर्रा सुटतो. रेंजवर त्याला सगळे पेलेटच म्हणतात. पेलेटचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला साधारण दीडशे मीटर. त्यात दारू नाही, धूर नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही आणि हाताला बसणारा धक्काही नाममात्र. म्हणूनच शिकण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. मोठ्या पिस्तुलाचा आवाज आणि झटका नवख्याला दचकवतो आणि चूक नेमकी कुठे झाली ते त्यात झाकले जाते. एअर पिस्तुलात चूक लपत नाही. पहिले पिस्तूल निवडताना हीच कसोटी लावायची: पेलेट भरकटला तर ती चूक हाताची होती हे त्या पिस्तुलाने निःसंशय सांगितले पाहिजे.

ही चूक किती बारीक असते हे नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पमध्ये समजावणे सोपे आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र इथे असल्याने तोफांच्या सरावाचा आवाज या गावाच्या अंगवळणी पडला आहे. तोफखान्यात कोन मोजतात तो ‘मिल’मध्ये. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल चुकले की हजार मीटरवर गोळा सुमारे एक मीटर बाजूला जातो. हाच हिशेब १० मीटरवर आणला तर एका मिलला पेलेट १० मिलिमीटर सरकतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ३५० मिलिमीटर अंतर धरले, तर पुढची साइट मागच्या खाचेत अवघी ०.३५ मिलिमीटर बाजूला गेली की एक मिलची चूक झाली. टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर असते. पेलेटच्या कडेने रेघेला स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे ०.३५ मिलिमीटरच्या चुकीने दहाचे नऊ होतात आणि पूर्ण एक मिलिमीटर चुकले तर सात. उलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर सरकला, तर पेलेटही ५ मिलिमीटरच सरकतो आणि दहा गुण कायम राहतात. हात थोडा हलणारच. मनगटाचा कोन मात्र बिघडता कामा नये. मूठ, ट्रिगर, वजन आणि साइट या साऱ्यांची निवड या एका गोष्टीभोवती फिरते.

सगळ्यांत आधी पाहायची ती मूठ. स्पर्धेचे पिस्तूल उभे राहून, एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता चालवतात. त्यामुळे हात आणि पिस्तूल यांना जोडणारी गोष्ट मूठ हीच. ती बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. तळहाताखालची फळी वरखाली सरकवता येते. मूठ बसते की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. रिकामे पिस्तूल हातात घ्यायचे, टार्गेटच्या दिशेने हात उचलायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घेऊन हात स्थिरावू द्यायचा आणि डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून उभी असेल, तर मूठ योग्य. ती दरवेळी डावीकडे दिसत असेल किंवा खाली बुडत असेल, तर हात मुठीशी झगडतो आहे. तेव्हा मनगट वळवून साइट जागेवर आणायची नाही. मूठ बदलायची, तिचा कोन फिरवायचा, नाहीतर कानशीने घासून आणि लाकडाची लांबी भरून ती हाताला बसवायची. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे आणि बोट बाजूच्या लाकडाला घासता कामा नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी घेतलेली मूठ दोन वर्षांत लहान पडते. अशा वेळी पिस्तूल न बदलता फक्त मूठ बदलता येते ना, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

दुसरा क्रम ट्रिगरचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी ५०० ग्रॅमचे वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल सरळ उचलतात. तेवढ्याने ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. चांगल्या ट्रिगरचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा मऊ सरकतो, मग बोटाला एक स्पष्ट भिंत लागते आणि त्यापुढे थोडा दाब वाढला की दुसरा टप्पा काच तुटावी तसा सुटतो. भिंत कुठे आहे हेच कळत नसेल, तर शिकणारा बोट ओढतो आणि ओढताना मनगट फिरवतो. म्हणून ट्रिगरच्या दोन्ही टप्प्यांचा दाब आणि त्याची जागा बदलता येणारे पिस्तूलच घ्यावे. पेलेट आणि हवा न वापरता नुसता ट्रिगर दाबता येण्याची सोयही हवी. तिला ड्राय फायर म्हणतात. घरात, कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून केलेला हा रोजचा पंधरा-वीस मिनिटांचा सराव नवख्याला डबाभर पेलेटपेक्षा जास्त शिकवतो, कारण समोर छिद्र नसल्याने नजर साइटवरच राहते.

ट्रिगर यांत्रिक असतो तसा इलेक्ट्रॉनिकही मिळतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय एकसारखा चालतो, पण त्यात बॅटरी आणि सर्किट आले. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहून अंतिम फेरी हुकली. जागतिक दर्जाच्या खेळाडूजवळ राखीव पिस्तूल आणि दुरुस्ती करणारा माणूस असतो. पहिले पिस्तूल घेणाऱ्याजवळ दोन्ही नसते. त्याने साधा यांत्रिक ट्रिगरच घ्यावा.

एअर पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम असू शकते. प्रत्यक्षात बहुतेक पिस्तुले किलोच्या अलीकडे-पलीकडे असतात. आकड्यापेक्षा तोल महत्त्वाचा. थोडा भार पुढे असला की साइट शांत राहते, पण तो जास्त झाला तर खांदा लवकर दमतो. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात आणि सरावाचे त्याआधी वेगळे. तिसाव्या शॉटलाही हात तितकाच सहज उचलतो का, हे पाहून वजन ठरवावे. बारा-तेरा वर्षांच्या खेळाडूसाठी आखूड नळीचे, हलके कॉम्पॅक्ट पिस्तूल योग्य.

हवेचा दाब तयार करण्याच्या तीन रीती नवख्याला भेटतात. स्प्रिंगचे पिस्तूल स्वस्त असते, पण पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधीच आतला दट्ट्या धावतो आणि पिस्तूल हलते. अशा साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलावर शिकणाऱ्याला चूक स्वतःची की पिस्तुलाची हे कळत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक शॉटआधी तरफ एकदा ओढून हवा दाबायची असते. हे पिस्तूल अचूक आणि टिकाऊ. सिलिंडर नाही, पंप नाही. मात्र साठ वेळा तरफ ओढून हात थकतो. तिसरा प्रकार सिलिंडरचा. त्यात २०० बारपर्यंत दाबलेली हवा भरतात आणि प्रत्येक शॉटला तिचा ठरावीक घोट सुटतो. आज स्पर्धेत हाच चालतो. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावे. नव्या पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढेच जाते. नाशिकच्या पावसाळ्यात हवा खूप दमट. हातपंपाने भरलेली हवा ओलावा घेऊन सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा आणि पेटीत सिलिका जेलची पुडी.

खर्च पाहता अनेकांचे पहिले पिस्तूल वापरलेले असते आणि त्यात कमीपणा नाही. पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. उत्पादनापासून दहा वर्षे उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. तो पूर्ण भरून रात्रभर ठेवावा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठून तरी गळती आहे. पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून १० मीटरवरून दहा पेलेट मारावेत; सगळ्यांचे मिळून दहाच्या वर्तुळात मावणारे एकच छिद्र पडले पाहिजे. तसे न झाल्यास आधी पेलेट बदलून पाहावे, कारण ४.४८, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा बारीक फरकाच्या पेलेटपैकी प्रत्येक नळीला एखादाच मानवतो. बिल मागावेच.

खरेदीआधी निदान तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढावेत. स्वतःच्या हाताचे माप, नेम धरायचा डोळा कोणता, वजन किती पेलते हे तेवढ्यात कळते. नाशिकला नेमबाजी नवी नाही. पिस्तूल प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांनी याच शहरात खेळाडू घडवले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये २०२४ साली रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. जाणत्या प्रशिक्षकाने शिकणाऱ्याचा हात पाहून सुचवलेली मूठ, दुकानातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा विश्वासाची.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर पिस्तुलाची नळी .१७७ इंचापर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आहे, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. पण ते दिसते खऱ्या पिस्तुलासारखेच आणि देवळाली हे लष्करी छावणीचे गाव आहे. नेताना ते बंद पेटीत, कुलूप लावून, बिल आणि क्लबचे ओळखपत्र सोबत ठेवूनच न्यावे. अंगणात किंवा गच्चीवर पेलेट मारू नयेत. रेंजवर लेन सोडताना नळीत रंगीत सुरक्षा दोरी घातलेली असावी, नळीचे तोंड कायम टार्गेटकडे असावे आणि सरावानंतर शिसे लागलेले हात साबणाने धुवावेत. घरी पिस्तूल आणि पेलेट वेगवेगळ्या कुलपात ठेवावे.

पुढची पायरी २५ मीटरची. तिथे .२२ बोअरचे पिस्तूल लागते, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवा. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान खेळाडूंना नियमांत सांगितलेल्या अटींवर, देखरेखीखाली सराव करता येतो. देवळाली कॅम्प नाशिक शहर पोलिसांच्या हद्दीत असल्याने अर्ज पोलिस आयुक्तालयाकडे जातो. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेत तीस शॉट सावकाश आणि तीस शॉट वेगात मारायचे असतात. वेगाच्या फेरीत हात खाली ठेवून थांबायचे आणि टार्गेट दिसले की तीन सेकंदांत उचलून एक शॉट मारायचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवानला विश्वचषक सुवर्ण आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकले. तीन सेकंदांत साइट तपासून दुरुस्त करायला वेळ नसतो. हात वर येतानाच ती जागेवर यावी लागते. डोळे मिटून स्थिरावलेल्या एअर पिस्तुलाने जी सवय लावलेली असते, तीच इथे उपयोगी पडते. म्हणून २५ मीटरकडे गेलेल्या नेमबाजाचे पहिले पिस्तूल कपाटात जात नाही. पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलचे कांस्य जिंकले आणि त्याच स्पर्धांत २५ मीटरमध्ये ती चौथी आली.